पासाडिनाऐवजी डरहॅम : १९४१ चा एक फुटबॉल हंगाम

दुसरं महायुद्ध शिकवताना पर्ल हार्बरचा हल्ला एक-दोन ओळींत उरकतो. तारीख लिहायची, ७ डिसेंबर १९४१, 'अमेरिका युद्धात उतरली' असं वाक्य लिहायचं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचं. पण देश युद्धात उतरतो म्हणजे नेमकं काय होतं? शाळा-कॉलेजांचं काय होतं, खेळाचं काय होतं, शेजारच्या बाकावरच्या मुलाचं काय होतं? आज आपण हे एका कॉलेज संघाच्या हंगामातून पाहणार आहोत. संघ अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट कॉलेजचा आणि खेळ फुटबॉल.

थांबा, फुटबॉल म्हटल्यावर मेस्सी डोळ्यांपुढे आणू नका. हा अमेरिकन फुटबॉल. चेंडू लंबगोल, दोन्ही टोकांना निमुळता. नाव फुटबॉल असलं तरी बहुतेक खेळ हातांनीच चालतो. चेंडू छातीशी धरून पळायचं किंवा पुढच्या गड्याकडे फेकायचा. समोरचे अकरा जण तुम्हाला अंगावर येऊन पाडणार. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाहीतर तो विरोधी संघाकडे जातो. मला तर यात कबड्डी आणि कुस्ती दोन्हींचा वास येतो. कबड्डीतही पकडणारे एकावर तुटून पडतातच की.

गुणांची पद्धत आताच समजून घ्या, पुढे लागणार आहे. चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात शिरलात की 'टचडाऊन', त्याचे ६ गुण. त्यानंतर लाथेने चेंडू खांबांमधून धाडला की आणखी १ गुण. आणि चेंडू तुमच्याकडे असताना तुम्हालाच तुमच्या पट्ट्यात पाडलं, तर समोरच्यांना २ गुण मिळतात. याला 'सेफ्टी' म्हणतात.

हंगाम

ओरेगन राज्य अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. तिथल्या कॉर्व्हॅलिस या छोट्या गावात हे कॉलेज. शेतकी आणि अभियांत्रिकी शिकवणारं, फारसा बडेजाव नसलेलं. संघाचं नाव बीव्हर्स. बीव्हर म्हणजे नदीत लाकडांचे बांध घालणारा तो कष्टाळू प्राणी. प्रशिक्षक होते लॉन स्टायनर.

१९४१ च्या हंगामाची सुरुवात पराभवाने झाली. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने ओरेगन स्टेटला १३-७ असं हरवलं. पुढचा वॉशिंग्टनविरुद्धचा सामना त्यांनी ९-६ असा जेमतेम जिंकला. मग समोर आलं स्टॅनफर्ड. आधीच्या हंगामात एकही सामना न हरलेला हा संघ. त्याच्याकडून ओरेगन स्टेट सपाटून मार खाणार असं सगळे धरून चालले होते. निकाल लागला १०-०, ओरेगन स्टेटच्या बाजूने! वाटलं आता गाडी सुटली. तर लगेच पुढच्याच सामन्यात वॉशिंग्टन स्टेटकडून ०-७ हार.

त्यानंतर मात्र हा संघ हरला नाही. आयडाहोवर ३३-०, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेवर १९-०, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठावर ६-०, मोंटानावर २७-०. शेवटी नोव्हेंबरच्या अखेरीस पिढीजात प्रतिस्पर्धी ओरेगन विद्यापीठावर १२-७. हे आकडे जरा नीट बघा. नऊ सामन्यांत मिळून त्यांच्यावर फक्त ३३ गुण झाले आणि पाच सामन्यांत समोरच्याला भोपळाही फोडता आला नाही. हल्ला भेदक नसेल, पण बचाव भक्कम.

या कामगिरीने बीव्हर्स पश्चिम किनाऱ्याचे विजेते ठरले आणि त्यांना पहिल्यांदाच 'रोझ बाउल'चं आमंत्रण मिळालं. रोझ बाउल म्हणजे दरवर्षी नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी कॅलिफोर्नियातल्या पासाडिना शहरात होणारा सामना. सकाळी फुलांनी सजवलेल्या रथांची मिरवणूक, दुपारी सामना. सुमारे नव्वद हजार माणसं बसतील एवढं मोठं मैदान. कॉर्व्हॅलिससारख्या गावातल्या मुलांसाठी हे केवढं अप्रूप असेल! प्रतिस्पर्धी ठरला देशाच्या दुसऱ्या टोकाचा, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहराचा ड्यूक विद्यापीठाचा संघ, ब्लू डेव्हिल्स. हंगामातले नऊच्या नऊ सामने जिंकलेला, देशात दुसऱ्या क्रमांकाचा. ओरेगन स्टेटचा क्रमांक होता बारावा.

आणि मग ७ डिसेंबर

शेवटच्या साखळी सामन्यानंतर जेमतेम आठवडा उलटला होता. रविवारी सकाळी जपानी विमानांनी हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर या नाविक तळावर हल्ला केला. सुमारे २,४०० अमेरिकन मारले गेले. दुसऱ्या दिवशी अमेरिकेने जपानविरुद्ध युद्ध पुकारलं.

पश्चिम किनाऱ्यावर तर घबराटच पसरली. आज हवाई, उद्या कॅलिफोर्निया, असं लोकांना वाटू लागलं. रात्री दिवे मालवण्याचे आदेश निघाले, किनाऱ्यावर पहारे बसले. या किनाऱ्याच्या संरक्षणाची जबाबदारी जनरल जॉन डेविट यांच्यावर होती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे. डेविट यांचं म्हणणं साधं होतं : नव्वद हजार माणसं एका मैदानात, तीही आधी जाहीर झालेल्या दिवशी आणि वेळी जमवणं म्हणजे शत्रूच्या विमानांना निमंत्रण. शिवाय पोलीस आणि रस्ते आता दुसऱ्या कामासाठी मोकळे हवेत. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर कल्बर्ट ओल्सन यांनी ते मान्य केलं. मिरवणूक रद्द, सामनाही रद्द.

इथे ड्यूकचे प्रशिक्षक वॉलेस वेड पुढे आले. ते पहिल्या महायुद्धात लष्करात राहिलेले, शिस्तीचे कडक गृहस्थ. पासाडिनाला खेळता येत नसेल तर आमच्याकडे डरहॅमला या, असा ड्यूकने प्रस्ताव ठेवला. ओरेगन स्टेटने होकार दिला आणि आयोजकांनीही.

आता गंमत बघा. ड्यूकचं मैदान ३५ हजार प्रेक्षकांचं. तयारीला हातात अडीच आठवडे. शेजारच्या विद्यापीठांकडून लाकडी बाकं उसनी आणून रिकाम्या जागेत मांडली. आपल्याकडे लग्नात शेजारच्या आळीतून खुर्च्या आणतात ना, अगदी तसंच. तिकिटं तीन दिवसांत संपली. सामन्याला आले ५६ हजार प्रेक्षक.

वर्गात अमेरिकेचा नकाशा असेल तर कॉर्व्हॅलिस आणि डरहॅम शोधून एक दोरा लावा. प्रशांत महासागराजवळून जवळपास अटलांटिकपर्यंत, साडेचार-पाच हजार किलोमीटरचा प्रवास. संघ आगगाडीने निघाला, वाटेत शिकागो, वॉशिंग्टन अशी शहरं पाहत नाताळच्या आदल्या दिवशी डरहॅमला पोचला. कित्येक मुलं आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या लांब आली होती.

एक मुलगा मात्र गाडीत नव्हता.

जॅक योशिहारा

जॅक योशिहारा हा संघातला राखीव खेळाडू. जन्म जपानचा, पण तीन वर्षांचा असताना तो आईबरोबर अमेरिकेत आला आणि ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात वाढला. म्हणजे शाळा अमेरिकेतली, भाषा अमेरिकेतली, खेळही अमेरिकेतलाच. पण तो अमेरिकेचा नागरिक नव्हता, आणि होऊही शकत नव्हता. त्या काळच्या कायद्याने जपानमध्ये जन्मलेल्या माणसाला अमेरिकन नागरिकत्व घेताच येत नसे. ही अट १९५२ मध्ये गेली. तेव्हा 'त्याने नागरिकत्व का घेतलं नाही?' असा प्रश्न जो विचारेल, त्याला हे उत्तर द्या.

पर्ल हार्बरनंतर जपानी वंशाच्या लोकांच्या प्रवासावर निर्बंध आले. संघाचा सराव चालू असताना एफबीआयचे, म्हणजे केंद्रीय तपास यंत्रणेचे, दोन अधिकारी मैदानावर आले. योशिहाराला बाजूला घेतलं आणि सांगितलं की तू संघाबरोबर जायचं नाहीस. संपलं. चूक काय केली, याचा प्रश्नच नव्हता. त्याने काही केलंच नव्हतं.

संघ त्याच्याशिवाय निघाला. प्रशिक्षक आणि बाकीची मुलं यापेक्षा वेगळं काय करू शकली असती? या प्रश्नावर वर्गात दोन तट पडतात. 'सामन्यावर बहिष्कार टाकायला हवा होता' असं काही मुलं ताडकन म्हणतात. पण युद्ध पेटून दोन आठवडेही झालेले नाहीत, देशभर जपान्यांविरुद्ध संताप आहे, आणि तुम्ही वीस वर्षांचे आहात. हे सगळं धरून उत्तर द्यायला लावलं की आवाज जरा खाली येतात.

सामना

१ जानेवारी १९४२. डरहॅममध्ये पाऊस आणि थंडी. चेंडू निसरडा, मैदान चिखलाचं. ड्यूकच जिंकणार यात कुणाला शंका नव्हती. पण ओल्या चेंडूला क्रमवारी कळत नाही. ड्यूकच्या हातून तो वारंवार निसटत राहिला.

पहिला टचडाऊन ओरेगन स्टेटचा. डॉन डर्डन १५ यार्ड पळत पट्ट्यात शिरला. पुढे ड्यूकच्या स्टीव्ह लॅकने बरोबरी साधली. मध्यंतराला ७-७. तिसऱ्या सत्रात सामना रंगला. ओरेगन स्टेटच्या बॉब डेथमनने फेकलेला चेंडू जॉर्ज झेलिकने घेतला, १४-७. ड्यूककडून विन्स्टन सीगफ्रीड, पुन्हा बरोबरी, १४-१४. आणि मग त्या सामन्यातला सगळ्यात देखणा क्षण. डेथमनने लांबवर चेंडू फेकला, जीन ग्रे नावाच्या चपळ मुलाने तो पळता पळता झेलला, एका बचावपटूला हुलकावणी दिली आणि थेट टोकाला पोचला. एकूण ६८ यार्ड. यानंतरची लाथ मात्र चुकली.

शेवटच्या सत्रात ड्यूकने डर्डनला त्याच्याच पट्ट्यात पाडलं. त्याचे दोन गुण. वेळ संपली तेव्हा ओरेगन स्टेट २०, ड्यूक १६.

आता वही काढा आणि वर दिलेल्या नियमांवरून हे आकडे जुळवून दाखवा. ओरेगन स्टेटचे ६+१, ६+१ आणि ६, मिळून २०. ड्यूकचे ६+१, ६+१ आणि २, मिळून १६. म्हणजे दोघांचे टचडाऊन वेगवेगळे होते, तीन आणि दोन. नुसता अंतिम आकडा वाचून हे कळत नाही.

डर्डन सामनावीर ठरला. ओरेगन स्टेटने रोझ बाउलमध्ये मिळवलेला हा आजवरचा एकमेव विजय. आणि पासाडिनाबाहेर रोझ बाउल पुन्हा खेळवला गेला तो थेट २०२१ मध्ये, कोविडमुळे, टेक्सासमध्ये.

मैदानावरून रणांगणावर

सामन्यानंतर दोन्ही संघांतली बहुतेक मुलं लष्करात गेली. प्रशिक्षक वेड तर पन्नाशीला टेकले होते, तरी ते प्रशिक्षकपद सोडून परत तोफखान्यात रुजू झाले.

सगळे परतले नाहीत. ड्यूकचे वॉल्टर ग्रिफिथ, अल हूवर आणि बॉब नॅनी, तसंच ओरेगन स्टेटचा एव्हरेट स्मिथ असे चौघे युद्धात मारले गेले. हूवर पेलेलियू बेटावर पडला, नॅनी इवो जिमावर. जीन ग्रे, तो ६८ यार्डांवाला, वैमानिक झाला, जर्मनीवरच्या मोहिमांतून सुखरूप परतला आणि युद्ध संपल्यावर एका विमान अपघातात त्याचे दोन्ही हात गेले. ज्या हातांनी तो चेंडू झेलला होता तेच.

१९४४ च्या शरद ऋतूत इटलीत एक घटना घडली. ड्यूकचा चार्ल्स हेन्स तिथल्या एका डोंगराळ लढाईत गंभीर जखमी होऊन तासन् तास पडून होता. त्याला उचलून खाली आणणाऱ्यांत होता फ्रँक पार्कर, ओरेगन स्टेटचा खेळाडू. तीन वर्षांपूर्वी डरहॅमच्या चिखलात हे दोघे आमनेसामने होते. हेन्स वाचला. पुढे त्याच वर्षीच्या हिवाळ्यात बेल्जियमकडच्या 'बल्ज'च्या लढाईत ओरेगन स्टेटचा स्टॅनली चेक आणि ड्यूकचे प्रशिक्षक वेड एकमेकांना भेटले. कडाक्याच्या थंडीत गरम कॉफी घेता घेता दोघांनी त्या सामन्याच्या गप्पा मारल्या.

इटलीचं नाव आलंच आहे तर आपल्याकडचं एक नाव जोडतो. हेन्स जखमी झाला त्याच वर्षी, १० जुलै १९४४ ला, इटलीतच नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आलं. रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे इटलीची मोहीम ही केवळ अमेरिकन किंवा इंग्रज शिपायांची गोष्ट नाही. आणि त्याच इटलीत आणखी एक पलटण लढत होती, ४४२ वी रेजिमेंट. तिच्यातले जवान जवळजवळ सगळे जपानी वंशाचे अमेरिकन. त्यांतल्या अनेकांचे आईवडील त्या वेळी अमेरिकेतच काटेरी तारांच्या आत होते. ते कसे, हे पाहण्यासाठी योशिहाराकडे परत जाऊ.

तारांच्या आत

१९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला. सामना होऊन दीड महिना लोटला होता. या आदेशाने लष्करी अधिकाऱ्यांना, त्यांना हव्या त्या भागातून हव्या त्या लोकांना हलवण्याचा अधिकार मिळाला. पश्चिम किनाऱ्यावर तो कोणी वापरला? जनरल डेविट यांनी. ज्यांनी रोझ बाउल नको म्हटलं होतं तेच.

मला इथे मुलांना नेहमी थांबवावंसं वाटतं. डेविट यांचे दोन्ही निर्णय एकाच भीतीतून आले, पण ते सारखे नव्हेत. पहिला मैदानाबद्दलचा होता. गर्दीवर बॉम्ब पडू शकतो, म्हणून गर्दी टाळा. त्यात चूक निघाली तरी बिघडणार काय, एक सामना दुसरीकडे होईल. दुसरा निर्णय माणसांबद्दलचा, तोही त्यांनी काय केलं हे न पाहता, ते कोणत्या वंशाचे आहेत एवढंच पाहून. जर्मनी आणि इटलीशीही अमेरिकेचं युद्ध चालू होतं. पण त्या वंशाच्या अमेरिकन लोकांना असं सरसकट, लेकराबाळांसकट उचललं गेलं नाही. ड्यूकच्या नॅनीचं आडनाव इटालियन. तो रोझ बाउल खेळला, सैन्यात गेला आणि अमेरिकेसाठी मेला. त्याला कोणी गाडीतून उतरवलं नाही, आणि उतरवायला नकोच होतं.

सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरं, दुकानं, शेतं सोडून जावं लागलं. त्यांतले दोन तृतीयांश तर जन्माने अमेरिकन नागरिक होते. सोबत न्यायचं ते हातात मावेल तेवढंच. पोर्टलंडच्या लोकांना आधी गुरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या इमारतीत ठेवलं. जनावरांच्या जागी पातळ फळ्यांच्या भिंती घालून कुटुंबांच्या खोल्या केलेल्या. तिथून आगगाडीने आयडाहो राज्यातल्या मिनिडोका छावणीत. उजाड माळ, धूळ, आणि ओळीने बराकी. जॅक योशिहारा याच वाटेने गेला. त्याचं कॉलेज सुटलं आणि फुटबॉलही.

मग 'देशाच्या सुरक्षेसाठी काही तरी करावंच लागतं ना, सर?' असं कोणी तरी विचारतंच. विचारावं. संशय असेल तर त्या माणसाची चौकशी करता येते, पुरावा असेल तर खटला भरता येतो. इथे चौकशी नाही, आरोप नाही, खटला नाही. १९८८ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा करून या प्रकाराबद्दल माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर भरपाई दिली. तोवर छावणीत गेलेले कितीतरी लोक हे जग सोडून गेले होते.

मराठीत एक सोय आहे. वीस वर्षांच्या खेळाडूला आपण 'तो' म्हणतो, म्हाताऱ्या माणसाला 'ते'. आता जॅक योशिहारा यांना 'ते' म्हणायला हवं. रोझ बाउल संघातल्या खेळाडूंची अंगठी त्यांना मिळाली १९८५ मध्ये. २००८ मध्ये ओरेगन स्टेटने, युद्धामुळे शिक्षण अर्धवट सोडावं लागलेल्या आपल्या जपानी वंशाच्या ४२ विद्यार्थ्यांना मानद पदव्या दिल्या. त्या यादीत योशिहारा यांचं नाव होतं. पुढच्याच वर्षी ते वारले.